बाहीतला दुसरा हात

पद्मजा मगदूमचा उजवा हात थरथरू लागला तेव्हा तिने आधी ब्रशला दोष दिला, मग चष्म्याला, मग वयाला. एका निवृत्त मुख्याध्यापिकेचे व्यक्तिचित्र चालू होते. वरच्या ओठाची रेघ ओढायची होती. अशा रेघा तिने आयुष्यभर ओढल्या होत्या. पण त्या दुपारी ती करवतीच्या दात्यांसारखी उमटली. समोर बसलेल्या बाईंना काही दिसले नाही. पद्मजाने ब्रश खाली ठेवला, "आज उजेड बरा नाही," असे म्हणाली आणि त्यांना चहा पाजून घरी पाठवले.

उजेड उत्तम होता. इचलकरंजीतल्या त्या बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडला उत्तरेकडे तोंड केलेली काचेची तिरकी छपरे होती. सासऱ्यांचे माग भंगारात गेले तेव्हा तिचा नवरा भूपाल म्हणाला होता, "जागा रिकामी ठेवून काय करायचंय? तू वापर की." तेव्हापासून तो तिचा स्टुडिओ. एका टोकाला अमूर्त चित्रांचे मोठाले कॅनव्हास. दुसऱ्या टोकाला एक खुर्ची. व्यक्तिचित्रासाठी माणसे तिच्यात बसत. मधल्या जागेत छपरापासून जमिनीपर्यंत सुताचे धागे टांगून ती एक मांडणशिल्प उभारत होती. बघणाऱ्याने धाग्यांच्या भिंतींमधून वाट काढत आत शिरायचे, अशी कल्पना. व्यक्तिचित्रांवर घर चाले, अमूर्त चित्रांमुळे नाव झाले होते, आणि मांडणशिल्प का करावेसे वाटते हे तिला स्वतःलाही सांगता येत नसे. या तिन्हींचा भार एका हातावर होता.

मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. कौसर मुजावर यांनी सगळ्या तपासण्या केल्या. जिवाला धोका नव्हता. पण कंप वाढत जाणार होता आणि औषधांनी तो दबत नव्हता.

"एक नवीन साधन आलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "आम्ही त्याला बाहीच म्हणतो. मनगटापासून कोपरापर्यंत घालायची."

"आणि ती हात घट्ट धरून ठेवते?"

"नाही. घट्ट धरला तर तुम्ही रंगवणार कसं? बघा, तुम्ही रेघ ओढायचं ठरवलंत की मेंदूतून संदेश निघतो आणि मज्जातंतूंमधून हाताच्या स्नायूंपर्यंत येतो. संदेश पोचणं आणि स्नायू हलणं यात एक अगदी बारीक फट असते. पापणी लवायला लागतो त्याच्याहून कितीतरी कमी वेळ. बाही त्या फटीत काम करते. ती संदेश वाचते, त्यातली तुमची रेघ कोणती आणि कंप कोणता ते निवडते आणि स्नायूंना हलका विजेचा स्पर्श देऊन कंप तेवढा मारते."

"पण रेघ कुठली आणि कंप कुठला, हे तिला कसं कळणार?"

"अंदाजानं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा हात पुढं काय करणार याचा ती अंदाज बांधते. तुमच्याकडूनच शिकते ती. शिवाय बाही घालणारे कितीतरी लोक आहेत. शल्यचिकित्सक आहेत, सोनार आहेत, शिंपी आहेत, चित्रकारही आहेत. त्या सगळ्या हातांचं शिक्षण कंपनीकडं एकत्र जमा होतं आणि तिथून प्रत्येक बाहीत उतरतं."

पद्मजाने सही केली. दुसरा मार्गच नव्हता.

बाही करड्या रंगाची होती, पायमोज्यासारखी ताणणारी. महिन्याभरात कंप नाहीसा झाला. मुख्याध्यापिकाबाई आपले चित्र पाहून रडल्या. पद्मजाने अमूर्त चित्रांची नवी मालिका हातात घेतली, आणि ती पुण्यात मांडली तेव्हा एका समीक्षकाने लिहिले की मगदूमबाईंच्या हाताला उतारवयात नवा वेग आलेला दिसतो. ते वाचून ती दिवसभर गुणगुणत होती.

पहिली विचित्र गोष्ट भूपालच्या लक्षात आली. मांडणशिल्पाचे धागे ताणायला तो तिला मदत करी.

"पद्मा, ह्या गाठी कुणी मारल्या?"

"मीच. इथं दुसरं कोण येतंय?"

"ही आपली गाठ नव्हे," तो धागा उजेडाकडे धरून म्हणाला. "आपल्याकडं सूत जोडतात ते असं नाही. ही जाळ्याची गाठ आहे. मालवणला बघितली होती मी, मासे धरायची जाळी विणतात त्यांच्याकडं."

पद्मजाने पाहिले. कितीतरी धाग्यांना तशीच गाठ होती. तिने बाही काढली आणि तशी गाठ मारून पाहिली. बोटांना ती येईना. मग बाही चढवली, धागा हातात घेतला आणि मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली. बोटांनी एक वळसा घेतला, धागा आतून ओढला, गाठ बसली.

"चांगलंय की," ती हसून म्हणाली. "फुकटात नवी विद्या मिळाली."

भूपाल हसला नाही. पद्मजाही आतून हसत नव्हती, कारण एक गोष्ट तिने त्याला सांगितलेली नव्हती. नव्या अमूर्त चित्रांमध्ये डाव्या कोपऱ्याकडे एक वळण पुन्हा पुन्हा येत होते. लांब, खाली झुकलेले, शेवटी आत वळलेले. तिने ते कधी ठरवले नव्हते. आधी तिला ते आवडले. मग ते टाळावेसे वाटू लागले, आणि टाळायचे ठरवूनही ते येतच राहिले.

त्याच सुमारास त्यांची मुलगी सन्मती बेळगावहून आली. तिथल्या कॉलेजात ती भूगोल शिकवायची. येताना तिने फोन केला नव्हता. आली, पाणी प्यायली आणि दोघांना समोर बसवून सांगितले. खालच्या जबड्याच्या हाडात गाठ होती. पसरलेली नव्हती, पण हाड काढावे लागणार होते. पायाचे हाड घेऊन तिथे नवा जबडा बसवणार होते.

"जीव वाचेल, ते नक्की आहे म्हणतात," ती म्हणाली. "चेहरा मात्र असा राहणार नाही. डावी बाजू बदलेल. तोंडही थोडं ओढलं जाईल."

भूपाल उठून दारापाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

"आई, ऑपरेशन पुढच्या पंधरवड्यात आहे. त्याच्या आधी तू माझं चित्र काढ. फोटो आहेत ढीगभर. पण मी तुला कशी दिसते ते मला हवंय. नंतर मला आठवायचं झालं तर त्याच्याकडं बघून आठवीन."

सन्मती अगदी लहान असल्यापासून पद्मजाने तिला रेखाटले होते. झोपलेली, रुसलेली, परीक्षेचा अभ्यास करणारी. तिचा चेहरा तिला डोळे मिटूनही काढता आला असता.

दुसऱ्या दिवशी सन्मती खुर्चीत बसली. पद्मजाने भरभर बाह्यरेषा घेतल्या. कपाळ, नाक, गालाची उंची. दोघी गप्पा मारत होत्या. बेळगावच्या घरमालकिणीची नक्कल करून सन्मतीने आईला हसवले. रंग छान लागत होता. दुपारी जेवायला उठण्याआधी पद्मजा दोन पावले मागे सरकली आणि तिने पहिल्यांदा सगळे चित्र एकत्र पाहिले.

पापण्या जड होत्या. सन्मतीच्या पापण्या तशा नाहीत. मान एका बाजूला कलली होती. सन्मती ताठ बसली होती. आणि डोक्यावरून खाली येणारी केसांची रेघ लांब होती, झुकलेली होती आणि शेवटी आत वळली होती.

ते वळण पद्मजाने ओळखले.

"झालं का? बघू?" सन्मती म्हणाली.

"थांब. अजून कच्चं आहे." तिने कॅनव्हासवर कापड टाकले.

जेवण झाल्यावर तिने पापण्या पुसल्या आणि पुन्हा घेतल्या. त्या आणखी खाली आल्या. पुन्हा पुसल्या. गालाला उठाव द्यायला गेली तर गाल आत गेला. ती घाबरली. हे आता थांबवायचे, असे तिने मनाशी स्पष्ट म्हटले. पण म्हणेपर्यंत ब्रशने डोळ्याखालची सावली पुरी केली होती. हात थांबला तो काम संपल्यावर. तिने थांबवला म्हणून नव्हे.

तिने बाही ओरबाडून काढली. हात पिंपळाच्या पानासारखा हलू लागला. ब्रश गालावरून घसरला आणि काळपट रंगाचा ओघळ हनुवटीपर्यंत आला. नेमका डाव्या जबड्यावर.

सन्मती उठून आली. पद्मजाला कापड टाकायला वेळ मिळाला नाही.

कॅनव्हासवर एक बाई होती. बरीचशी सन्मतीसारखी. डोळे जवळजवळ मिटलेले, गाल बसलेले, ओठ किंचित उघडे, मान उशीवर कलल्यासारखी.

सन्मती चित्राच्या अगदी जवळ गेली. मग म्हणाली, "आई, तू मला मेलेली काढलीस."

त्यानंतरचे दोन दिवस घरात कुणी मोकळेपणाने बोलले नाही. पद्मजाचा अशा गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. पण हाताने जे काढले ते तिने ठरवलेले नव्हते. मग ते कुठून आले? आपल्या नकळत आपल्याला काही कळले आहे का? आईला कळते, असे लोक म्हणतात. हा विचार एकदा आत शिरला आणि बाहेर पडेना.

"ऑपरेशन पुढं ढकल," ती सन्मतीला म्हणाली.

"का?"

"दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना विचारू. घाई कशाला?"

"चित्रामुळं म्हणतेस ना?" सन्मतीचा आवाज चढला. "खरं सांग, चित्रामुळं ना? गाठ वाढतीय, आई. मला आधीच भीती वाटतीय, आणि तू ती माझ्यात आणखी भरतीयेस."

"मी नाही काढलं ते!"

"मग कुणी काढलं?"

भूपालने दोघींच्या मध्ये येऊन फक्त एवढे म्हटले, "त्या मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना विचारू या की. बाही त्यांनीच दिलीय."

डॉ. कौसर यांनी चित्रांचे फोटो पाहिले, गाठींचे पाहिले आणि कंपनीला कळवले. दोन दिवसांनी त्यांनी मगदूम कुटुंबाला बोलावून घेतले. पडद्यावर कंपनीच्या पुण्यातल्या अभियंता यामिनी राजवाडे होत्या. त्या सावधपणे बोलत होत्या, पण काही लपवत आहेत असे वाटले नाही.

"बाही अंदाज बांधते हे तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा संदेश ठळक असेल तर ती तुमचंच ऐकते. संदेश पुसट असेल तर मधली जागा कशानं तरी भरावी लागते. तेव्हा ती साठ्यातला, तुमच्याशी सगळ्यात जुळणारा हात शोधते. तुमच्याशी जुळणारा एक हात सापडलाय. वय, कंपाची लय, ब्रश धरायची पद्धत, सगळं जवळपास सारखं."

"कुणाचा हात?"

"नाव सांगता येणार नाही. किनाऱ्याकडचे, जाळी विणणाऱ्यांच्या घरातले एक चित्रकार होते. वर्षापूर्वी गेले. बाही घातल्यानंतर त्यांनी शेवटपर्यंत एकाच व्यक्तीची चित्रं काढली. त्यांच्या पत्नीची. त्या आजारी होत्या. हे अंथरुणाशेजारी बसून रोज काढत होते. त्या जाईपर्यंत. आणि त्यानंतरही."

सन्मतीने नकळत आपला गाल चाचपला.

"म्हणजे ती मी नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही. तुमचा काही संबंध नाही."

पद्मजाला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. वाटलेही, क्षणभर. मग तिच्या मनात आले की एक माणूस आपल्या बायकोला मरताना बघत बसला होता, आणि ते बघणे आता आपल्या कातड्याखाली उतरले आहे. "काढून टाका त्यांना," ती म्हणाली.

"तेच जमत नाही, मॅडम. तुम्ही चित्रकार आहात, तुम्हाला कळेल. रंग एकमेकांत कालवल्यावर त्यातला एक परत वेगळा कसा काढणार? नवीन शिकणं आम्ही थांबवू शकतो. शिकलेलं काढू शकत नाही."

"पण माझा संदेश पुसट का झाला?" पद्मजाने विचारले. "मुलीचं चित्र होतं. माझ्याइतकं ते कोण मनापासून काढणार?"

यामिनी राजवाडेंनी समोरच्या नोंदी चाळल्या. "मुख्याध्यापिकांच्या चित्राच्या वेळी तुमचा संदेश अगदी ठळक आहे. मुलीच्या वेळी सुरुवातीपासूनच क्षीण आहे. तुमचा हात सवयीनं चालला होता. न बघता. माणूस सवयीनं काही करतो तेव्हा मेंदू फार कमी बोलतो."

पद्मजाला त्या दिवसाच्या गप्पा आठवल्या. हसणे आठवले. आपण खुर्चीकडे किती वेळा पाहिले, ते मात्र आठवेना.

निघताना दारातून ती परत फिरली. "मी सन्मतीला लहानपणापासून काढतेय. बाही घातल्यावरही कितीतरी रेखाटनं केली. ती पण त्या साठ्यात गेली?"

"हो. गेली."

"मग माझ्या मुलीचा चेहरा आता कुणाच्या हातात आहे?"

"ते आम्हाला सांगता येत नाही," यामिनी राजवाडे म्हणाल्या. आणि त्यांना ते माहीतच नाही, हे सगळ्यांना कळले.

ऑपरेशन ठरलेल्या दिवशीच झाले. चित्र झाले नव्हते. आदल्या दिवशी पद्मजाने बाही न घालता प्रयत्न केला होता, पण उभी रेघही धरता येईना. सन्मतीने तिच्या हातातला कोळसा काढून घेतला आणि म्हणाली, "राहू दे आता." आत नेताना तिने आईकडे पाहून मान हलवली. पद्मजाच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी कॅनव्हासवरची बाई होती. खरे काय ते ठाऊक असूनही होती. दार बंद झाले आणि ती भूपालचा दंड धरून बाकावर बसली. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, सगळे ठीक झाले म्हणाले, तरी बराच वेळ तिच्या हाताची पकड सुटली नाही.

सन्मती वाचली. सूज उतरायला दोन महिने लागले. डावीकडचा जबडा आखूड झाला होता, ओठाचा कोपरा खाली ओढला गेला होता आणि कानापासून गळ्यापर्यंत एक गुलाबी शिवण होती. पेज पिताना ती भिंतीकडे तोंड करून बसे. घरातले आरसे तिने झाकले नाहीत, पण त्यांच्यासमोरून झपझप जाई. पद्मजा तिच्याशी बोलताना तिच्या कपाळाकडे बघे, आणि आपण असे करतो हे सन्मतीला कळते, हेही तिला कळत होते.

एके दिवशी सकाळी सन्मती स्वतः स्टुडिओत आली आणि खुर्चीत बसली.

"काढ."

"सन्मती, हा हात—"

"माहीत आहे मला. तू कपाळाकडं बघणं बंद कर आणि काढ."

पद्मजाने बाही चढवली. मनगटापाशी विजेचा बारीक स्पर्श झाला आणि कंप थांबला. तिने ब्रश उचलला. आता काय येईल? पहिल्या रेघेला ती बाई येईल का, मान कलती करून?

तिने डावा जबडा बघितला. हा चेहरा तिला माहीत नव्हता. हाड कुठे संपते, कातडी कुठे ताणली आहे, शिवणीच्या कडेला रंग कुठे जांभळा होतो, काहीच तिला पाठ नव्हते. प्रत्येक रेघेआधी मान वर करून बघावे लागत होते, आणि बघितले की लगेच काढावे लागत होते. गप्पा नव्हत्या. बघणे जड जात होते, दोनदा तिचे डोळे भरले आणि दोनदा सन्मती म्हणाली, "बघ." हात तिच्या नजरेमागून येत होता. आज्ञाधारकपणे, तिने जितके पाहिले तितकेच. जबडा उमटला, ओढलेला ओठ उमटला, शिवण उमटली. त्या माणसाच्या हाताला असा चेहरा कधी भेटलाच नव्हता. भरायला त्याच्याकडे काही नव्हते.

मग ती डोळ्यांपाशी आली.

डोळ्यांना काही झाले नव्हते. ते जन्मापासूनचे डोळे होते आणि तिला पाठ होते. ब्रश कॅनव्हासला लागला आणि हाताचा वेग वाढला. तिने वाढवला नव्हता. वरची पापणी सुरू झाली. जरा जास्तच खाली. तिने नजर सन्मतीच्या डोळ्यांवर रोखली, पण हात नजरेच्या पुढे धावत होता. झुकलेले वळण सुरू झालेच होते.

तिने डाव्या हाताने उजवे मनगट धरून कॅनव्हासपासून ओढून काढले. बाही उतरवून जमिनीवर टाकली. पापणीचा ओला रंग फडक्याने टिपून घेतला.

"आई?"

"हलू नकोस. माझ्याकडं बघ."

उघडा हात थरथरत वर गेला. तिने त्याला थांबवायचा प्रयत्न केला नाही. ब्रश टेकला, हलला, निसटला, पुन्हा टेकला. पापण्यांच्या कडा चिरफाळल्या, बुबुळाचा गोल तुटक आला, पांढऱ्यावर नको तिथे काळे सांडले. वेळ खूप लागला. दुपार कलली, भूपाल जेवायला बोलवायला आला आणि दारातच उभा राहिला. शेवटी पद्मजाने ब्रश ठेवला. तिचा खांदा भरून आला होता.

सन्मती उठून चित्रासमोर आली. खाली तिचा नवा जबडा होता, ठाम, एकही रेघ न चुकलेला. वर दोन डोळे होते, थरथरत असल्यासारखे, तिच्याकडे रोखलेले. तिने बोटाने आपली शिवण चाचपली आणि बराच वेळ बघत राहिली.

"डोळे घाबरलेत गं," ती म्हणाली.

"हात थरथरला. पुसू?"

"नको," सन्मती म्हणाली. "घाबरलेच आहेत ते."